मोरीत शिरलेली खाडी

डोंबिवली (पश्चिम)
२९ ऑक्टोबर १९९६

ती. प्रमोदिनीताईस,

गुरुदत्तचा उभ्याउभ्याच नमस्कार. (साष्टांग घालायला घरात कोरडी फरशी नाही. कारण खाली येतंच आहे.) भाऊजींचा गुडघा कसा आहे? लेप लावतात ना वेळच्या वेळी? आम्ही सगळे हयात आहोत. याहून जास्त काही आज लिहवत नाही.

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी, सोसायटीत माझं व्याख्यान होतं. (भूगोलाचा प्राध्यापक तळमजल्यावर फुकट मिळाला की लोक सोडत नाहीत.) विषय, 'तापणारी पृथ्वी, चढणारे समुद्र'. जिन्यापाशी सतरंज्या घातलेल्या, आदल्या रात्रीचं मसाला दूध पुन्हा गरम केलेलं, बाहेर रणरणतं ऊन. मी नकाशावर बांगलादेश दाखवला, मालदीव दाखवलं, बायका हळहळल्या. मग वरच्या मजल्यावरच्या मधूकाकांनी विचारलं, "प्रोफेसर, आपलं काय?" मी हसून म्हणालो, "काका, हे त्या सखल, गरीब देशांचं दुखणं. डोंबिवलीकरांनी शंभर वर्षं निवांत झोपावं." आणि ताई, वाक्य संपतंय तोच माझ्या पायांना गार लागलं.

खाली बघतो तर पाणी! आभाळात ढग नाही, नळ फुटलेला नाही, आणि गटाराच्या झाकणातून खाडी बुडबुडत वर येतेय. सतरंजी फुगली, मधूकाकांच्या चपला दाराकडे निघाल्या. लोक पाण्याकडे बघायचं सोडून माझ्याकडे बघत होते, जणू मीच ते सोबत आणलं होतं.

घरी धावलो. सुमेधा मोरीच्या दारात थिजून उभी, आणि आत बादलीभोवती हातभर लांबीचा जिवंत बोईट फेऱ्या मारतोय. मासा! आपल्या मोरीत! (आईच्या हयातीत या घरात अंडंसुद्धा आलं नाही, तुला ठाऊक आहे.) तेवढ्यात मागच्या कोळीवस्तीतली चंद्रभागा, सुमेधाची मैत्रीण, कमरेपर्यंत भिजून आली. ती मासळीच विकते, पण त्या बोईटाकडे तिने ढुंकून पाहिलं नाही. "बाय गो, जल्मान आसा पानी नाय बगितला! आमचं आबा खाटंवं अरकलंन. मानसा दे!"

आबा म्हणजे तिचे सासरे गोमाजी. अर्धांगवायूने दोन वर्षं खाटेला खिळलेले. आम्ही पोचलो तेव्हा पाणी खाटेच्या दोऱ्यांना लागलं होतं, चूल दिसत नव्हती, आणि म्हातारा खाडीला घरच्या माणसासारखा रागे भरत होता, "सगली उमर तुज्याव जगलू, न आज माज्याच घरान घुसतंस?" मी, मधूकाका आणि तिचा नवरा कान्हा, तिघांनी खाट खांद्यावर घेतली. मांडीभर पाण्यातून चालताना मला एकच भीती, पाय घसरला तर? मागे धप्पकन आवाज आला. चंद्रभागेच्या घराची मागची भिंत बसली होती. कोणी मागे वळून पाहिलं नाही. चंद्रभागेनेसुद्धा नाही.

गोमाजींना आमच्या गच्चीवर नेलं. ओहोटी लागली, पाणी आलं तसं मुकाट निघून गेलं, घोट्याएवढा चिखल ठेवून. तेव्हापासून मी नुसता बसून आहे. वर्गात जे दूरचं म्हणून शिकवलं, ते दार न वाजवता आत आलं, ताई. माझा अजून विश्वास बसत नाही.

तुझा,
गुरुदत्त

ता. क. टेंभी नाक्याचं तुमचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे, म्हणून सहज विचारतो. आम्ही दोघं तिकडे काही दिवस आलो तर चालेल ना?

ता. क. दुसरा (हस्ताक्षर सुमेधाचं) वन्सं, नमस्कार. पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलंय, म्हणून दोन ओळी. येणार ते एकटेच. मी इथेच आहे. चंद्रभागेची भिंत आणि जोतं, आणि आमची जमीन दीड फूट वर, असं काम एकाच गवंड्याला दिलंय. गोमाजी तोवर गच्चीवरच राहतील, सोसायटीशी माझं भांडून झालंय. गवंडी पोपट गुणी आहे हो, पण ह्यांनी त्याच्यापाशी उकिडवं बसून पुढच्या पन्नास वर्षांत समुद्र किती चढेल ते समजावलं, की तो थापी ठेवून गावी निघतो. काल त्याला रिक्षातून उतरवून परत आणलाय. तेव्हा ह्यांना लगेच बोलावून घ्या. तार केलीत तरी चालेल.