निळ्या दिव्याखालची वाळू

प्रिय ज्ञानेश्वरी हिस,

मी पहिल्या पाळीकरिता बजाजनगरला प्रस्थान करीत आहे. कै. बंधू रामच्या जिवंत पोवळ्यांच्या, खाऱ्या पाण्याच्या काचपेटीवर आपण दोन्ही एलईडी दिवे लावून पाहिले. स्वस्त पांढऱ्याचा उजेड प्रखर भासतो, परंतु त्याखाली पोवळी मिटून राहतात. महाग निळा मंद दिसतो, तथापि त्याखाली ती उमलतात. सबब मोल निळ्याचेच खरे. तरीही आज तो लावू नये, ही विनंती.

दहाव्याला दिव्याखालील पिठावर रामच्या पुढल्या जन्माचे पाऊल उमटले नाही, म्हणून आईने अन्न टाकले होते. काल निळ्या उजेडात तिला पेटीतल्या वाळूवर पाऊल दिसले. "व्हय रं मुंजाबा, रामचंच हाय, अंगठा बघ की," असे वदून ती पोटभर जेवली. मी त्यास भास म्हणालो.

आज मी स्वतः पाहिले. वाळूतील पाऊल काचेपाशी सरकले आहे, आणि बाहेर फरशीवर वाळलेल्या मिठाचे दुसरे उमटले आहे. त्याची बोटे तुझ्या अंथरुणाकडे आहेत.

तू आजच सिल्लोडला माहेरी जावे. तुला दिवस गेल्याचे आईस कळू देऊ नकोस. कळल्यास ती निळा दिवा विझवू देणार नाही.

तुझा पती,
मुंजाबा