तलवाड्याच्या मातीतला जिवाणू

सर, काल आमच्या प्रयोगशाळेत नव्या मुलींना नोंदी शिकवत होते. जिवाणूचा प्रत्येक गुण ठरलेल्या रकान्यात लिहायचा. गुण असेल तर एक, नसेल तर शून्य, आणि चाचणीच केली नसेल तर तिसरी खूण, म्हणजे संगणकाला फरक कळतो. सांगता सांगता तुम्ही आठवलात. वाईट वाटेल असं वाटलं होतं, पण काहीच वाटलं नाही. तोंडाची टकळी चालूच राहिली.

बीडच्या आपल्या कॉलेजातली ती वर्षं. घरोघरी रंगीत टीव्ही यायला लागले होते, पण जिवाणू ती खातो का हे तपासायला आपण एखादी खास साखर मागवली की चार-चार महिने तिचा पत्ता नसायचा. तलवाड्याच्या एका शेतातल्या तुरीच्या मुळांवरच्या गाठींतून तुम्ही एक जिवाणू वेगळा काढला होता. हा नवा आहे, असं तुम्हाला मनापासून वाटायचं. दर महिन्याला त्याला ताज्या नळीत हलवायचात, वीज गेली की नळ्या माठाला टेकवून ठेवायचात. वहीत त्याच्या पानावर निम्मी घरं रिकामी होती, कारण सामानच आलेलं नव्हतं. "जे तपासलंच न्हाई, तिथं काई लिहायचं न्हाई, पोरी," एवढंच तुम्ही बजावलं होतंत.

मग वही देऊन मला औरंगाबादला पाठवलंत, तिच्यातल्या नोंदी तिथल्या संगणकावर भरायला. तो रिकाम्या घराशी अडून बसायचा. त्यासाठी कोणती खूण द्यायची ते न विचारताच मी रिकाम्या घरांत शून्य ठोकलं आणि मोकळी झाले. इतकी शून्यं सारखी आल्यावर संगणकानं तुमचा जिवाणू मातीत कुठेही सापडणाऱ्या साध्या जिवाणूंच्या घोळक्यात नेऊन बसवला.

संगणकाचा छापील निकाल मी आणून दिला, तो तुम्ही बराच वेळ बघत होतात. "रिकामी घरं रिकामीच ठिवलीस ना?" मी हो म्हणाले. "मंग ह्यो साधाच हाय," म्हणालात, आणि त्याच्या सगळ्या नळ्या स्वतःच्या हातानं कुकरमध्ये उकळून मोरीत ओतल्यात. कुकर मी धुतला. त्यानंतर तुम्ही मातीचे नमुने आणायला कधी गेला नाहीत.

हा कागद कुठे धाडायचा नाही, म्हणून लिहिते. नळ्या कुकरमध्ये ठेवत होतात तेव्हा मी बोलू शकले असते. तुम्ही रागवाल या भीतीनं गप्प राहिले, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. तुम्ही रागावला नसतात, सर. पुन्हा औरंगाबादला पाठवलं असतंत, आणि मला जायचा कंटाळा आला होता.