तुमचं बारसं

आबा, काल दुपारी आमच्या पाली गावावरून विमान गेलं. टपालाचं असतं म्हणे, मुंबईहून गोव्याकडे जातं. आळीतली झाडून सगळी पोरं खळ्यात धावली, जावा हातातली कामं टाकून बाहेर आल्या, सासूबाईंनी तर देवाला करतात तसा नमस्कार केला. मी चुलीपुढून उठले नाही. मला कसलं आलंय विमानाचं अप्रूप! त्याचे पंख कापडाचे असतात आणि ते कुणीतरी बसून शिवावे लागतात, हे या गावात माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. सांगावंसं वाटलं, पण सांगणार कुणाला? तुम्हाला जाऊन बारा-तेरा वर्षं झाली. म्हणून मुलाच्या वहीतला कागद फाडून घेतलाय. धाडणार कुठे, ते विचारू नका.

तुम्ही शिडं शिवणारे. भाट्याच्या खाडीत येणाऱ्या गलबतांची शिडं तुमच्या हाताखालून जायची, आणि तुमच्यासारखा टाका पुन्हा कुणाचा पडला नाही असं काका अजून सांगतात. महायुद्धात सरकारला असले हात हवे होते. तुम्हाला बसऱ्याला नेलं आणि शिडांऐवजी विमानांच्या पंखांना बसवलं. पुढे तुमची छावणी होती त्या गावाला तुर्कांनी वेढा घातला. विमानं, ती उडवणारे गोरे साहेब आणि तुम्ही, सगळेच कैदेत गेलात. हे आम्हाला फार उशिरा कळलं. आधी कळलं ते तुम्ही वारल्याचं. आपल्याकडे नातवाला आजोबाचं नाव ठेवायची रीत, त्यामुळे एकाच आडनावात चार-चार जण एकाच नावाचे. तुमच्याच नावाचा, तुमच्याच बापाच्या नावाचा लांज्याकडचा एक माणूस त्याच फौजेत होता. गेला तो, आणि सरकारी कागद आला आमच्या दारात.

देह नव्हता, म्हणून भटजींनी पळसाच्या देठांचा पुतळा केला, डोक्याच्या जागी नारळ ठेवला, आणि काकांनी त्याला अग्नी दिला. मी तेव्हा सहा वर्षांची. आईच्या रडण्यापेक्षा मला तो नारळ जास्त आठवतो. तडकला तेव्हा मी दचकले होते. आणि मग, खोटं कशाला बोलू, मला बरे दिवस आले. बिनबापाची पोर म्हणून काकू माशाची मधली तुकडी मला वाढायची. काका बाजारातून आले की पहिली हाक मला. मी तुम्हाला विसरूनच गेले.

तीन वर्षांनी तुम्ही आगबोटीतून उतरलात. दाढी वाढलेली, एक पाय ओढत चालणारे. खळ्यात येऊन उभे राहिलात तर काकूच्या हातून कळशीच पडली. आईने दार लावून घेतलं. रागाने नव्हे हो. मोकळ्या कपाळाने नवऱ्यासमोर कसं यायचं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. गाव गोळा झालं. भटजी म्हणाले, ज्याचं दहन झालं तो जिवंत परतला तर शास्त्रात सोय आहे. त्याने पुन्हा जन्म घ्यायचा. तुपाने न्हायचं, मग जातकर्म, मग बारसं, आणि शेवटी आपल्याच बायकोशी पुन्हा लग्न. तोवर घरात पाऊल नाही आणि पंगतीत पान नाही. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "मी मेलोच नाय, तर जन्मू कशाला?"

आणि हट्टाने खाडीवरच्या शिडांच्या खोपीत राहायला गेलात. तुर्कांच्या हातून सुटलात ते आमच्या हाती सापडलात. चार महिने तुम्ही तिथे एकटे होतात, समोर फक्त पाणी. जेवण घेऊन मी यायची. पेजेचं भांडं उंबऱ्यात ठेवायची नि मागे फिरायची. तुम्ही दाभण बाजूला ठेवून मला थांबवायला बघायचात. पंखांवर कापड कसं ताणतात, टाका सैल पडला तर साहेब आणि विमान दोन्ही कसे खाली येतात, सगळं रंगवून सांगायचात. कैदेत डोंगरात रूळ टाकताना काय खाल्लंत, कोण मागे राहिलं, ते मात्र कधी नाही. शेवटी रोज एकच विचारायचात, मला काय हाक मारशील गो? मी पळत सुटायची. तुम्हाला दुसरं काही नकोच होतं, हे कळायला मला स्वतःला पोरं व्हावी लागली.

तुमचा हट्ट मोडला तो आईने. एका सकाळी ती माझ्याबरोबर खोपीपाशी आली आणि पदर पुढे ओढून पाठमोरी उभी राहिली. "लोकांनी सांगितलं म्हणून मी कुंकू पुसलं," ती म्हणाली. "आता लावायचं तर तुम्हाला जन्मावं लागेल. माझ्यासाठी जन्मा."

तर तुमचं बारसं मी पाहिलंय. असं भाग्य कुठल्या लेकीला मिळतं! अंगाला तूप चोपडलेले, पंचा नेसलेले तुम्ही पाटावर बसला होतात. बायकांना हसू आवरत नव्हतं. आत्याने कानात कुर्र केलं आणि तुमचंच जुनं नाव तुम्हाला सांगितलं. बाळ काय रडत नाय गो, असं काकू म्हणाली. थट्टाच ती. पण तुम्ही खरंच रडायला लागलात. आधी हळू, मग हंबरडा फोडून, आणि मग रडणं थांबेचना. बायकांचं हसू मावळलं. भटजी पोथीत डोळे घालून बसले. रडणाऱ्या पोराला कुणीतरी उचलून घेतं. तुम्हाला कोण घेणार? तुमची आई कधीच गेलेली. माझी आई दाराआड, लग्न लागायच्या आधी तिने तुम्हाला शिवायचं नव्हतं. आत्याने मला पुढे ढकललं, जा, बापाला हाक मार म्हणाली. मी गेले, तुमच्या तुपकट कानाशी वाकले आणि बोलले. तुम्ही एकदम गप्प झालात.

लेकीने हाक मारली आणि बाप शांत झाला, ही गोष्ट गावभर झाली. माझ्या लग्नात ती व्याह्यांना सांगितली गेली, अजून माहेरी गेले की कुणीतरी काढतंच. मी मान खाली घालते. लोकांना वाटतं, लाजते. त्यानंतर तुम्ही सहा वर्षं जगलात. आईच्या कपाळावर कुंकू होतं, घरात तुमचं पान होतं. मीही पुढे आबा म्हणू लागले. पण तुम्ही माझ्याकडे पुन्हा काही मागितलं नाहीत, साधं तांब्याभर पाणीसुद्धा नाही.

त्या दिवशी मी तुमच्या कानात म्हटलं होतं, "माझा बाप मेलाय. तुम्ही जा परत." लग्न लागल्यावर आईने तुम्हाला हळूच विचारलं, काय हो म्हणाली पोर? मी दारातच उभी होते. तुम्ही माझ्याकडे न बघता तिला सांगितलंत, "आबा म्हणाली."