बाबांच्या रेकॉर्डवरची घरघर

८ नोव्हेंबर

सुई टेकवली की घर्रर्र! दोन्ही स्पीकरमधून. आणि नेमकी खर्जात. वरच्या तारा स्वच्छ, गाणारी बाई स्वच्छ, फक्त बाबांचा बेर्दा बुडालेला. माणसाएवढं ते वाद्य बाबांनी चाळीस वर्षं वाजवलं आणि रेकॉर्ड निघाली एकच. तीही ऐकता येऊ नये!

म्रातिनदानला सोळा दिवस उरले. घराण्याच्या संताच्या दिवशी ही रेकॉर्ड लावायचीच, असं यंदा ठरवलंय. बाबा गेल्यापासून सात वर्षं प्लेअर कापडाखाली पडून होता. बस्स झालं.

९ नोव्हेंबर

खालच्या मजल्यावरच्या बोराने अंघोळीच्या पाण्याचा नवा बॉयलर बसवलाय. त्याचंच काम असणार. जिन्यात गाठला. म्हणतो, "मी अंघोळ केली की तुझी गाणी बिघडतात?" म्हटलं, "मग आठवड्यातून एकदाच बिघडायला हवीत." दार आपटून गेला.

११ नोव्हेंबर

बोरा लेकीकडे गेलाय. बॉयलर बंद. घरघर चालू. हे त्याला सांगायची गरज नाही.

१३ नोव्हेंबर

आता पद्धतशीर. बटण रेडिओवर फिरवलं — शांत. म्हणजे अँप्ली ठीक, दोष प्लेअरकडे. डाव्या-उजव्या वायरी उलट्या लावल्या — काही फरक नाही. पिना घरी गाळलेल्या कडक दारूने, श्लिवोवित्साने पुसल्या. देसा म्हणाली, "पिनांना पाजतोस आणि बायकोला विचारत नाहीस!" तिलाही ओतली.

मग प्लेअरचा सुईचा धातूचा दांडा बोटांनी धरला. घरघर निम्मी! बोट काढलं — पुन्हा सुरू. म्हणजे प्लेअरचं अर्थिंग कुठेतरी तुटलंय. उद्या बघतो.

१४ नोव्हेंबर

तुटलेलं नाही. कापलंय!

प्लेअरच्या पोटातून एक बारीक वायर निघते, ती अँप्लीच्या मागच्या स्क्रूला बांधायची असते. बोटभर अंतरावर पक्कडीने कचकन तोडलेली. दोन्ही टोकांना काळी टेप, तीन-तीन वेढे, नीटनेटकी. असे वेढे एकच माणूस घालतो. विदाक. माझा धाकटा भाऊ, रेडिओ दुरुस्त करणारा, ही लाकडी पेटीतली अँप्लीही त्यानेच बनवलेली. बाबांच्या शेवटच्या दिवसांत घराची किल्ली त्याच्याकडे होती.

घर मला मिळालं म्हणून एवढं? घर घे, पण बाप ऐकू नकोस — असंच ना? हरामखोर!

१५ नोव्हेंबर

झोप नाही. सगळं पुन्हा आठवलं.

बाबा याच खोलीत पडले. प्लेअर आणि खिडकीखालचा रेडिएटर यांच्या मधे. विदाक समोरच्या खुर्चीत बसला होता. बसलेलाच! खुब्याचं हाड मोडलं, चाळीस दिवस हॉस्पिटलात काढले आणि गेले. दफनाहून परतल्यावर सगळ्यांसमोर मी त्याला म्हणालो, "हातावर हात ठेवून बसला होतास. पुन्हा या उंबऱ्यात पाऊल टाकू नकोस." तो काय म्हणाला? "त्या कोपऱ्यातलं सॉकेट एकदा उघडून बघ." बस, एवढंच. बापाला धरता आलं नाही आणि मला माझं काम शिकवणार! या घरातलं एक न् एक सॉकेट मी बसवलंय. सत्त्याऐंशी साली, या हातांनी. मला कोणा मिस्त्रीची गरज पडली नव्हती.

तेव्हापासून एकाही म्रातिनदानला आला नाही. या दिवसाचं आमंत्रण कोणी कोणाला देत नसतं, ज्याला यायचं तो येतो. तो येत नाही, म्हणजे त्यालाच नको आहे.

१६ नोव्हेंबर

वायर जोडली. पीळ दिला, डाग दिला, स्क्रूला बांधली.

शांत! अगदी शांत. आणि मग बाबा आले. डुम्, डुम्, तिसऱ्या ठोक्याला जरा ओढून, जसे ते चालायचे तसे. देसा स्वयंपाकघरातून पिठाच्या हातांनी बाहेर आली आणि दारातच उभी राहिली. मी रडलो. लिहायला लाज कसली.

विदाक, तुझी पक्कड हरली.

१९ नोव्हेंबर

रोज ऐकतो. कोपऱ्यातला दिवा अधूनमधून मिचमिचतो, बल्ब बदलायला हवा. गुपचूप वाटतं, यंदा विदाक आलाच तर रेकॉर्ड लावून समोर बसवीन आणि बघेन चेहरा.

२१ नोव्हेंबर

देसाला शॉक बसला. पाहुण्यांसाठी साफसफाई करत होती. एका हाताने प्लेअरचा दांडा पुसत होती, दुसरा हात रेडिएटरवर. ओरडलीसुद्धा नाही, फेकली गेली. मनगट मोडलंय. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं.

ती पडली तेव्हा मी समोरच्या खुर्चीत होतो. जागचा हललोही नाही. हलायला वेळच मिळाला नाही.

२२ नोव्हेंबर

लायोशला बोलावलं. वायरमन, पलीकडच्या गल्लीतला. फ्यूज काढून त्याने कोपऱ्यातलं सॉकेट उघडलं आणि शीळ घातली.

"हे बघ. अर्थिंगची वायर भिंतीत नाहीच. न्यूट्रलवरून तुकडा टाकून अर्थिंगला जोडलंय. त्या काळी सगळे असंच करायचे. पण तार अॅल्युमिनियमची, स्क्रूखाली दबून ढिली होते. न्यूट्रल सुटली की सगळा करंट अर्थिंगवर. म्हणजे अँप्लीत. अँप्लीला बाहेरून लाकूड आहे म्हणून कळत नाही. पण ती बारीक वायर प्लेअरला बांधली की दांड्यात दोनशेवीस!"

"आणि वायर कापलेली असेल तर?"

"तर घरघर. फक्त घरघर. ज्याने कापली त्याला अक्कल होती. हे सॉकेट बसवणाऱ्या गाढवाला मात्र—"

तो थांबला. डबीच्या आत पेन्सिलने लिहिलेलं त्याने वाचलं. मी प्रत्येक सॉकेटमागे लिहीत असे. अभिमानाने. मिलोये, एप्रिल ८७.

लायोशने हत्यारं भरली. पैसेही घेतले नाहीत.

२३ नोव्हेंबर

बाबांचा एक हात दांड्यावर असणार. दुसरा रेडिएटरवर.

मी मारलं त्यांना.

देसाचा हात झोळीत, गळ्यात अडकवलेला आहे. एका हाताने उद्याच्या प्रसादाचा गहू निवडते आहे आणि माझ्याकडे बघत नाही.

२४ नोव्हेंबर, म्रातिनदान

बोलावणं करायचं नसतं. मी फोन केला. "सॉकेट उघडलं," म्हणालो.

विदाक म्हणाला, "देसा ठीक आहे ना?" त्याला कसं कळलं कोण जाणे. सांगितलं. मग म्हणाला, "हॉस्पिटलात बाबांनी शपथ घातली होती. 'मिलोयेला सांगू नकोस, तो पुन्हा हातात पेचकस धरणार नाही.' तुझ्यासाठी गप्प राहिलो असं समजू नकोस. वायर कापली, सॉकेट बघ म्हणालो, त्याहून जास्त मला बोलता येत नव्हतं."

"ये," म्हणालो. आजच्या दिवशी हा शब्द आमच्यात कोणी वापरत नाही.

"सात वर्षं हातावर हात ठेवून बसलोय," म्हणाला. "आजही बसतो." आणि फोन ठेवला.

मेणबत्ती निम्मी जळली. संताच्या नावाची गोल रोटी मधे ठेवली आहे. ती दोघांनी धरून फिरवायची आणि मग मोडायची. बाबा गेल्यावर शेजारपाजारचा कोणीतरी समोर उभा राहायचा. आज बोराही येऊन उभा राहिला होता. मी नको म्हणालो. संध्याकाळ झाली, रोटी अजून अख्खीच आहे.