कोळिणीचा उपास

मंगळवार, संध्याकाळ. बेंबळी

पहिल्यांदाच पाळतेय म्हणून शांत जातीची टॅरेंटुला कोळीण आणली. उंच बरणीत ठेवणार होते. वरून पडली तर पोट फुटतं, हे ऐनवेळी कळलं. "घरात कोळी कशाला?" म्हणणाऱ्या आईनंच मग पिठाचा बसका प्लास्टिकचा डबा दिला. दाभण तापवून भोकं पाडली, आत लपायला कडेनं फुटलेली करवंटी पालथी घातली.

पाच दिवस झाले, ती करवंटीतून बाहेर येत न्हाय, काही खात न्हाय. कात टाकायच्या आधी असंच करतात म्हणे. तरी चैन पडत न्हाय. माझं काही चुकलं का?

आई म्हणाली, "उपास आसंल. माझा न्हाय का देवीचा मंगळवार?"

आत्ता स्वयंपाकघरात गेले. झुरळ दिसलं की चप्पल उचलणाऱ्या आईनं एक जिवंत झुरळ पेल्याखाली झाकून ठेवलंय.

"उपास सोडताना लागंल की तिला."