आठ भिंतींच्या खोलीतली दक्षिण

स्टेट कॉलेज, जानेवारी १९८४

अहो,

ज्या अष्टकोनी घरासमोर गाडी हळू करून तुम्ही "काय झकास बंगला आहे!" म्हणायचात, त्याच फ्युनरल होममध्ये काल अंत्यविधीआधी तुम्हाला शेवटचं ठेवलं होतं. ते चालवणाऱ्या म्हाताऱ्या व्हिटमरच्या आजोबांनी ते बांधलंय. आतली मोठी खोलीही अष्टकोनी, आठही भिंतींना सारखीच उंच खिडकी.

तिथेच आपली मंडळी अडली. तुमचे पाय दक्षिणेला हवेत, पण दक्षिण कुठली?

"काका, दार पूर्वेला आहे," आपला प्रसन्न कुमारभावजींना म्हणाला.

"अरे, आपण मागच्या दाराने आत आलो!" भावजी खेकसले. "कंपास आहे का कुणाकडे?"

पूल बांधणारे दोन इंजिनियर आणि एक हार्ट स्पेशालिस्ट, पण खिडकीबाहेर कुणी बघेना. बिचारा व्हिटमर टाय सारखा करत म्हणाला, "टेक युअर टाइम."

मला दक्षिण कळली होती. एका खिडकीतून तुमच्या कपाळावर ऊन आलं होतं, आणि जानेवारीत भर दुपारचं ऊन इथे दक्षिणेकडूनच येतं. जन्मभर शेजारच्या सीटवरून तुम्हाला रस्ते मीच सांगितले, न विचारता. काल मात्र सगळ्यांनी विचारलं तरी गप्प बसले. दक्षिण सापडली की मंत्र होणार, आणि मंत्र झाले की तुम्हाला नेणार.

मनात म्हटलं, भांडा बाबांनो, सावकाश भांडा. तेवढा वेळ तुमचा हात माझ्या हातात होता.

अजूनही तुमच्याशीच बोलणारी,
पद्मिनी