छतातलं फूल

१२ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पुढच्या आठवड्यात समिती बंगला पाहायला येणार, म्हणून बाबांच्या अंगात वारं भरलंय. बिडाचे खांब घासून झाले, जिन्याच्या कठड्याला तेल पाजलं. संरक्षित वास्तूंत नाव लागलं की आपल्या माघारी हे घर कुणी पाडणार नाही, एवढाच ध्यास.

थंडी कडाक्याची आहे. दिवसभर दिवाणखान्यात कडी लावून छताच्या नक्षीची चित्रं काढत बसतात. संगमरवरी फायरप्लेस काजळेल म्हणून तिच्यात विस्तव नाही. तिच्यापुढे कोळशाची शेगडी! खिडक्यांच्या फटींना कागद चिकटवलाय. छताच्या मधोमध ते प्लास्टरचं फूल आहे ना, त्याच्या पाकळ्यांमधली भोकंही या वयात शिडीवर चढून स्वतः बुजवली. मी ओरडले, तर म्हणाले, पाहुण्यांना मोडकं फूल दाखवू का?

पण तेव्हापासून लक्षण ठीक नाही. डोकं ठणकतं, बोलता बोलता डुलकी लागते. काल मला आईच्या नावाने हाक मारली. व्हरांड्यात आणलं की पुन्हा ठणठणीत. डॉक्टर म्हणतात, वय झालं. मांजरही हल्ली दिवाणखान्यात पाऊल टाकत नाही. बाबांच्या मते तिला जुन्या वास्तूची कदर नाही.

तुझ्या पायाचं प्लास्टर निघेपर्यंत तू येणार कसा? निदान दोन ओळी लिही त्यांना. वास्तुतज्ज्ञ मुलाचं ऐकतील; माझं ऐकतील तर शपथ.

तुझी माया आहेच, ती पत्रातही दिसू दे.
धाकटी


१५ जानेवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि हातातला चहा हातातच राहिला. लगेच तार केली: शेगडी विझव, बाबांना बाहेर काढ, वेळ पडली तर काच फोड. तारेत कारण मावत नाही, म्हणून हे पत्र.

ते फूल मोडकं नव्हतं गं. ती भोकं बांधतानाच ठेवलेली. तेव्हा घरात गॅसचे दिवे जळत. त्यांची कोंदट हवा त्या फुलातून वर जाऊन छपराबाहेर पडे. खोलीचं नाक आहे ते. कोळशाच्या विषारी वायूला रंग नाही, वास नाही. इतके हिवाळे त्या भोकांनीच बाबांना सांभाळलं असणार, आणि बाबांनी घराच्या प्रेमापोटी तीच बुजवली.

पाय असा अडकलेला. मी नुसता तळमळतोय. बाबा बरे आहेत एवढं कळव, मग लोभाचं बोलू.
दादा


१६ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

बाबा वाचले. हे आधी.

तार वाचून वाटलं, तुझं डोकं फिरलं. तरी धावले. दाराला आतून कडी, हाकेला ओ नाही. बागेतून खिडकीशी गेले, तर बाबा खुर्चीत मान टाकून बसलेले. खिडकी रंगाने घट्ट बसलेली, जाम हलेना. आणि पुढे ती मोरपंखी काच, जिला बोट लावलं तरी लहानपणी आपल्या पाठीत धपाटा बसायचा. दगड उचलला आणि थबकले, दादा. क्षणभरच, पण थबकले. मग फोडली. तार घेऊन आलेला तारवाला माझ्यामागे धावत आलाच होता, तो आत शिरला, त्याने कडी काढली, आणि दोघांनी मिळून बाबांना बागेत ओढून आणलं.

दवाखान्यात डोळे उघडल्यावर पहिला प्रश्न काय, तर कुठली काच? मी सांगितलं. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं, ते अजून माझ्याशी बोललेले नाहीत. डॉक्टरांनी सगळं समजावलं, तरी नाही.

तूच लिही आता. मला धीर हवाय.
धाकटी


२ फेब्रुवारी

चि. दादास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

घरी आलो. शेगडी अडगळीत गेली. फायरप्लेस काजळते आहे, काजळू दे. फुलाची भोकं धाकटीने शिडीवर चढून मोकळी केली. मी खालून सूचना देत होतो, तेव्हा तिने मला खोलीबाहेर बसवलं.

माझ्या दवाखान्यामुळे लांबलेली समिती काल येऊन गेली. त्यांचे प्रमुख म्हणाले, सारं मूळचं आहे, तेवढी ती साधी काच खटकते. जुन्यासारखी बनवून घ्या. मी नाही म्हटलं. तुमच्या अहवालात लिहा म्हटलं, इथली मूळची काच मुलीने फोडली, म्हणून घर दाखवायला बाप उरला. नाव लागायचं तर लागेल.

तिला हे तोंडाने सांगणं मला जमलेलं नाही. पत्र पेटीत टाकायला तिच्याच हाती देतोय. पाकीट चिकटवलेलं नाही.

दोघांनीही लोभ ठेवावा.
बाबा